खोकल्यांची वाटणी

आकडा नव्वदच्या वर गेला तर अव्वलच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: दुसऱ्या वर्षाची फी माफ, प्रयोगशाळेत स्वतःचं टेबल आणि शोधनिबंधावर पहिलं नाव. नव्वदच्या खाली राहिला तर एकच गोष्ट पडणार होती, परतीचं तिकीट, आणि तेही स्वतःच्या खर्चाने. एवढा सरळ सौदा आयुष्यात फार वेळा समोर येत नाही.

अव्वल हे काही तिचं खरं नाव नव्हे. बालवाडीपासून तिने घरी पहिल्या नंबराशिवाय दुसरं काही आणलं नव्हतं, म्हणून वर्गातल्या पोरींनी जळून ठेवलेलं नाव ते. ती ते परदेशातल्या विद्यापीठात सोबत घेऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की इथे जो तो कुठून ना कुठून पहिला आलेला आहे. अव्वलांच्याच बाजारात अव्वलला कोण भाव देणार? त्यामुळे प्रोफेसरांनी तिला खोकल्याचं काम दिलं तेव्हा तिने ते देवाचा प्रसाद घ्यावा तसं दोन्ही हातांनी घेतलं.

काम असं होतं. नुसता खोकला ऐकून, माणसाच्या छातीत आजार आहे की नाही, हे कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं. त्यासाठी तीनशे माणसांना मायक्रोफोनसमोर मिनिटभर खोकायला लावलं होतं. अव्वलने एकेका मिनिटाचे बारा-बारा तुकडे पाडले, सगळे तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि त्यांचे दोन ढीग केले. मोठा ढीग शिकवायला, छोटा परीक्षेला. कॉम्प्युटर शिकला, परीक्षेला बसला आणि शंभरात चौऱ्याण्णव घेऊन बाहेर आला. शुक्रवारी दुपारी तिने तो आकडा प्रोफेसरांना कळवला. तिकडे प्रोफेसरांना एकेरी नावाने हाक मारायची पद्धत. अव्वलला ते मेलं तरी जमत नसे, म्हणून ती पत्राच्या सुरुवातीला नुसतं 'नमस्कार' लिहून वेळ मारून नेई.

ही बातमी घरात पहिल्यांदा कळली काकाला. काका म्हणजे तिच्याच प्रयोगशाळेतला, तिच्याच भाषेतला आणि त्याच भाड्याच्या घरात पडद्यामागच्या अर्ध्या खोलीत राहणारा. वय अवघं तेहतीस, पण पंचविशीच्या पोरांत ज्याचे केस मागे हटलेत तो काकाच. दहा वर्षं तंत्रनिकेतनात शिकवून, कायमची नोकरी सोडून तो डॉक्टरेटसाठी आला होता. बायको आणि चार वर्षांची मुलगी मागे ठेवून. त्या बायकोला कोणी पाहिलंही नव्हतं, तरी ती आपोआप काकू झाली. एकदा फोनवरच ती कडाडली होती, "अहो, मी एकोणतीस वर्षांची आहे!"

"चौऱ्याण्णव!" काका म्हणाला. "अगं, माणसं डॉक्टर होऊनसुद्धा एवढं ओळखत नाहीत."

"नशीब, काका."

"नशीब म्हणे. आता पार्टी दे, नाहीतर मी तुझ्या नावाने खोकत बसेन."

रविवारी दुपारी अव्वलने घरी फोन लावला. तिचे बाबा गेली तीस वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. फळीच्या पार्टिशनमागे बसून पुड्या बांधणं, बाटलीवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवणं यात त्यांचा जन्म गेला. मुलगी काय करते ते त्यांना सांगता येत नसे. विचारलं की ते म्हणत, "कॉम्प्युटरचं मोठं काहीतरी." आज प्रथमच लेकीचं काम त्यांच्या हद्दीत आलं होतं.

"ऐकवू का, बाबा?"

"ऐकव की."

तिने हाताला लागतील ते पाच तुकडे एकामागोमाग वाजवले.

"पहिला आणि चौथा एकच बुवा आहे," बाबा म्हणाले.

"काहीही काय! साडेतीन हजारांतून उचललेत."

"साडेतीन लाखांतून उचल. आधी घसा खाकरतो, मग दोनदा खोकतो आणि शेवटी बारीक कण्हतो. असा पेशंट असला ना, की तो दारात चपला काढेपर्यंत मी त्याचा केसपेपर काढून ठेवायचो."

मागून आईचा आवाज आला, "तिकडे जाऊन खोकलेच ऐकायचे होते, तर इथे काय कमी होते?"

फोन ठेवल्यावर अव्वलने केवळ बाबांची चूक दाखवायला म्हणून ते दोन तुकडे तपासले. बाबा चुकले नव्हते. माणूस एकच होता. त्याचा पहिला तुकडा होता शिकवायच्या ढिगात आणि चौथा परीक्षेच्या.

ती खुर्चीत मागे टेकली. मग तिने आणखी वीस माणसं तपासली, मग पन्नास. प्रत्येकाचे काही तुकडे इकडे, काही तिकडे. म्हणजे सरळ पेपर फुटलेला होता. कॉम्प्युटर आजार शिकलाच नव्हता, तो माणसं पाठ करून बसला होता. हा कण्हणारा आजारी, तो शिट्टीसारखा खोकणारा धडधाकट. परीक्षेत तेच आवाज परत आले आणि त्याने पाठ केलेलं ओकलं. अव्वलने वाटणी तुकड्यांची केली होती, करायला हवी होती माणसांची. पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात ही गोष्ट. तिनेच मागच्या सत्रात ती फळ्यावर लिहून समजावली होती.

तिने नवी वाटणी केली. अख्खा माणूस एक तर इकडे, नाहीतर तिकडे. तीन तासांनी आकडा आला एकसष्ट. आजारी की बरा अशा चिठ्ठ्या टाकल्या तरी पन्नास येतात.

तिच्या बाजूने एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. त्या संध्याकाळी तिचा इरादा साफ होता. सोमवारी सकाळी जायचं, सांगायचं, मोकळं व्हायचं. काय बोलायचं ते तिने कागदावर लिहूनही ठेवलं.

सोमवारी सकाळी प्रोफेसर केक घेऊन आल्या. आकडा त्यांनी शनिवारीच अनुदान देणाऱ्यांना कळवला होता. अव्वलची फी माफ, खिडकीजवळचं टेबल तिचं, आणि काकाने हीच पद्धत पुढे न्यायची. एका इस्पितळातून नव्या खोकल्यांचा साठा येणार होता, त्यावर ती चालवून दाखवायची. काकाची डॉक्टरेट त्यावरच उभी राहणार. काकाने सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या आणि आपल्या भाषेत ओरडला, "बोला, अव्वलबाई, दोन शब्द बोला!"

खिशातला कागद तिने बोटांनी चाचपला. मग ती दोनच शब्द बोलली, "थँक यू."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या दिवसापासून अव्वलने मूठ उघडली नाही.

पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं, "काय गं, तो एकच बुवा होता ना?"

"नाही, बाबा. वेगवेगळे निघाले."

"असं का," बाबा म्हणाले. "मग कान गेले म्हणायचे माझे. वय झालं." नंतर आईकडून कळलं, की त्यांनी डॉक्टरांना आपण होऊन सांगितलं, आता पेशंटचा केसपेपर नाव विचारूनच काढत जाईन. तिच्या खोट्याचा हा पहिला हप्ता. तो अव्वलला भरावा लागला नाही.

काकाने वाटणी सवयीने माणसांचीच केली, त्याला नव्या साठ्यावर पहिल्यांदा अठ्ठावन्न मिळाले. मग साठ, मग पुन्हा सत्तावन्न. दुसरा एखादा असता तर अव्वलच्या कामाकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. पण काकाने दहा वर्षं पोरांना एकच धडा दिला होता, 'आधी स्वतःची जोडणी तपासा, मग मशीनला नावं ठेवा.' तो स्वतःची जोडणी तपासत राहिला. दीड महिना तपासून झाल्यावर चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"अव्वल, जरा तुझं काम माझ्यासमोर करून दाखव गं. मी कुठेतरी माती खातोय."

तिने सगळं दाखवलं. तुकडे कसे पाडले, गोंगाट कसा काढला, शिकवलं कसं.

"आणि वाटणी?"

"नेहमीसारखीच."

"बरं, ते काय विचारायचं म्हणा. पहिल्या आलेल्या पोरीचा पेपर मी कुठे तपासत बसू!" तो हसला. "मग घोडं कुठे पेंड खातंय?"

अव्वलने खिडकीबाहेर पाहिलं. पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीची काच पुसत होतं. "इस्पितळातले मायक्रोफोन वेगळे असतील," ती म्हणाली.

सहज तोंडून गेलेलं वाक्य. काकाने त्यावर चार महिने घातले. सात जातींचे मायक्रोफोन उसने आणले, त्यांच्यासमोर स्वतः खोकला. पडद्यामागून तालासुरात खोकण्याचा आवाज येई आणि मधेच मुलीचा फोन. "बाबा, तुम्ही आजारी आहात?" "नाही गं राणी, अभ्यास करतोय." "खोकायचा अभ्यास?" "हो. आणि त्यातही नापास होतोय बघ." दोघं बापलेक खिदळत. भिंतीपलीकडे अव्वल कानात बोळे घालून वाचत बसे.

एकदा ती प्रोफेसरांच्या दारापर्यंत गेली. काकाच्या प्रगतीची बैठक आठवड्यावर आली होती. एकदा असमाधानकारक असा शेरा त्याला मिळाला होता, दुसरा मिळाला की नाव कमी होणार. आणि नाव कमी झालं की परवाना संपतो, तो संपला की देश सोडायचा. परदेशी विद्यार्थ्याला नापास होऊन रडायलाही जागा मिळत नाही, आधी बॅग भरावी लागते. अव्वलने दार वाजवलं.

"ये, ये! तुलाच बोलावणार होते," प्रोफेसर म्हणाल्या. अनुदान आणखी तीन वर्षं वाढवून मिळालं होतं. पत्रात चौऱ्याण्णवचा खास उल्लेख होता. नव्या दोन विद्यार्थ्यांचे पगार त्यातूनच निघणार होते. "हे तुझ्यामुळे," त्या म्हणाल्या. मग, "तू कशाला आली होतीस?"

आता मूठ उघडायची तर नुसती स्वतःची फी जाणार नव्हती, छप्परच खाली येणार होतं. निदान तिने स्वतःला तसं समजावलं. माणसाला स्वतःसाठी गप्प बसायची लाज वाटते, दुसऱ्यांसाठी गप्प बसायला कसं परोपकारी वाटतं.

"बैठकीची वेळ विचारायला," ती म्हणाली.

बैठकीच्या आदल्या दिवशी काकाने आपला अहवाल तिच्यापुढे ठेवला. "माझी इंग्रजी तंत्रनिकेतनातली. जरा नजर टाक." शेवटच्या पानावर त्याने लिहिलं होतं, 'मूळ पद्धतीत दोष नाही पण ती मला नीट वापरता आली नाही.' अव्वलने ते वाक्य दोनदा वाचलं. लाल पेन तिच्या हातात होतं. त्या वाक्यात तिने एक स्वल्पविराम घातला आणि कागद परत केला.

"बाकी ठीक?"

"बाकी ठीक आहे, काका."

दुसरा शेरा मिळाला. तीन आठवड्यांत काकाने गादी, खुर्ची आणि टेबललॅम्प विकले, पडदा उतरवून त्याची घडी घातली. निघताना त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. "तोंड पाडू नकोस. काकू खूश आहे, म्हणते, बरं झालं, खोकला तरी थांबला." टॅक्सीत बसल्यावर मात्र त्याने काच वर केली आणि मागे वळून पाहिलं नाही. मागे तंत्रनिकेतनातली त्याची जागा भरली गेली होती. तो एका खाजगी शिकवणीत संध्याकाळी आकडेमोड शिकवू लागला.

अव्वल पदवी घेऊन बाहेर पडली. शोधनिबंधावरच्या पहिल्या नावाने तिला नोकरी दिली. पुढे दोन वर्षांनी कुठल्या तरी तिसऱ्याच विद्यापीठातल्या कोणीतरी तो निबंध पुन्हा करून पाहिला आणि अत्यंत सभ्य भाषेत लिहिलं, की वाटणी तुकड्यांची झाली आहे, माणसांची हवी; खरा आकडा साठच्या आसपास. प्रोफेसरांनी महिन्याभरात चार ओळींची दुरुस्ती छापली. अनवधानाने राहिलेली त्रुटी. लोकांनी त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. अव्वलला तिच्या साहेबाने विचारलंही नाही.

आठवड्याने काकाचा निरोप आला. 'पाहिलंस का? वाटणीतच गोम होती! म्हणजे मी अगदीच ढ नव्हतो गं. आज हिला पेपर वाचून दाखवला. तुझं नाव आहे त्यात, पण मनाला लावून घेऊ नकोस. तुला बिचारीला कुठे माहीत होतं. चुका कोणाच्याही होतात.'

अव्वलने बरंच काही लिहिलं, बरंच खोडलं, आणि शेवटी हात जोडल्याचं एक चित्र पाठवून दिलं.

तर मिळालं कोणाला काय: अव्वलला माफी, टेबल, नाव आणि नोकरी. प्रोफेसरांना तीन वर्षांचं अनुदान, वर प्रामाणिकपणाची कीर्ती. गेलं ते असं: एक कायमची नोकरी, एक डॉक्टरेट, आणि सहा वर्षांची होईपर्यंत एका मुलीने फोनमध्येच पाहिलेला बाप. पहिला हप्ता बाबांनी भरला, हे बाकीचं सगळं काकाच्या एकट्याच्या घरातून गेलं. आणि एवढं भरून झाल्यावर, ज्याचं गेलं त्यानेच, जिला मिळालं तिची समजूत घातली.