रॉल्फनं न लिहिलेल्या दोन ओळी

ग्लेनिसचा कॉम्प्युटर बंद पडला तो दिवस मंगळवार होता. देस पॅस्कोनं नेहमीप्रमाणे सकाळी बटण दाबलं. त्याची बायको ग्लेनिस जाऊन एक हिवाळा उलटला होता, पण रोज तिचा कॉम्प्युटर चालू करायची सवय त्याला लागली होती. तो सुरू झाला की त्याला जोडलेला माग एकदा खटकन वाजायचा, आणि घरात कुणीतरी उठल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी काहीच वाजलं नाही.

मागावर अर्धवट विणलेलं लोकरीचं पांघरूण होतं. करड्या रंगावर एक तांबडी आकृती वर चढत होती आणि मध्येच थांबली होती. तिचं पुढं काय होणार, हे ग्लेनिसनं सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "दिसेल ना, घाई काय आहे?" घाई होती, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. कडीना गावच्या विणकर मंडळातल्या बायका बघून गेल्या. एक म्हणाली जहाज, दुसरी म्हणाली कोंबडा. देसला दोन्ही पटलं नाही.

मंडळातली टॅमसिन कॉम्प्युटरच्या कामावरच पोट भरायची. तिनं जुन्या यंत्रातून नक्षीची फाइल काढली, नव्यात घातली आणि हात टेकले.

"फाइल शाबूत आहे. पण ती वाचणारा प्रोग्राम उघडत नाही. नव्या यंत्रावर उघडायच्या आधी तो कंपनीला विचारतो, आणि कंपनी कधीच बंद झालीय."

"मग दुसऱ्या प्रोग्रामनं वाच."

"ती लिपी त्या एकालाच येते, देस. तो प्रोग्राम लिहिणारा रॉल्फ हेंड्रिक्स क्लेअर गावात राहतो. त्यानं प्रोग्रामचा मूळ मजकूर, सोर्स कोड, सगळ्यांना खुला केला तरच काही होईल."

"म्हणजे भिंतीआडच्या पाइपांचा नकाशा?" देस आयुष्यभर प्लंबर होता.

"नकाशाही तोच आणि पाइपही तोच."

देसला काही कळलं नाही. त्यानं मान हलवली.

मंडळानं रॉल्फला पत्रं पाठवली होती, त्यांना उत्तर नव्हतं. म्हणून देसनं बेकरीतून मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी घेतल्या आणि गाडी काढली. रॉल्फ अंगणात, गाडीला जोडून न्यायच्या कॅराव्हॅनखाली आडवा झाला होता. उत्तरेकडे जायची तयारी चालली होती.

"विणकरांपैकी ना तू?" तो खालूनच म्हणाला. "दर वर्षी कुणीतरी येतं शिव्या घालायला."

"मी पेस्टी घेऊन आलोय."

"सॉस?"

"सॉस तुझ्या घरात नसेल तर तू माणूस कसला?"

रॉल्फ बाहेर आला. खाता खाता देसनं सगळं सांगितलं. रॉल्फनं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली.

"द्यायचं नाही असं नाही रे. पण आत नुसता राडा आहे. एका जागी तर मी लिहून ठेवलंय, 'हे का चालतं देव जाणे, हात लावू नका.' लोक हसतील."

"माझा जन्म लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्यांत गेला. कधी कुणाला हसलो नाही मी."

"कधीच नाही?"

"घरी येऊन हसायचो. ग्लेनिसपाशी."

रॉल्फनं उरलेली पेस्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "काय काढत होती ती त्यावर?"

"तेच तर कळत नाही."

रॉल्फनं हात पुसले, आत गेला आणि देससमोर सगळा कोड इंटरनेटवर टाकला. "झालं," तो म्हणाला. "आता घ्या आणि काय घालायचा तो गोंधळ घाला." परत येताना देसनं गाडीत रेडिओ लावला. बऱ्याच महिन्यांनी लावला.

टॅमसिननं ते उघडून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"परवाना कुठाय?"

"कसला परवाना? माझ्यासमोर दिलं त्यानं."

"दिलं नाही, नुसतं ठेवलं. 'कुणीही वापरा, बदला, वाटा' असं त्यानं कुठंच लिहिलेलं नाही. ते नसलं की कायद्यानं ते अजून त्याच्या एकट्याचंच."

"अगं, दार सताड उघडं टाकलंय त्यानं!"

"दार उघडं दिसलं म्हणून तुम्ही कुणाच्या घरातली खुर्ची उचलाल का?"

"पण 'घ्या' म्हणाला की तो."

"तुम्हाला म्हणाला. जर्मनीतल्या यॉर्नला नाही म्हणाला. मागाचं आणि कॉम्प्युटरचं बोलणं जुळवून देणारा तोच एक आहे, मला एकटीला ते जमणार नाही. आणि लेखी परवानगीशिवाय तो बोट लावत नाही. दोनच ओळी हव्यात, पण त्या रॉल्फनंच घालायला हव्यात."

दोन ओळी म्हणजे काहीच नाही, असं देसला वाटलं. त्यानं फोन लावला. रॉल्फ निघून गेला होता आणि जिथं गेला तिथं रेंज नव्हती. देस लावत राहिला. शेवटी एका पेट्रोल पंपावरून रॉल्फचाच फोन आला.

"अरे बाबा, सगळं तर दिलं! आता काय अंगावरचे कपडे काढून देऊ?"

"दोन ओळी लिही. कुणीही घ्या म्हणून."

"तुला तोंडानं सांगितलं ना?"

"ती म्हणते, तोंडी चालत नाही."

"मग तूच लिही माझ्या नावानं."

"ती म्हणते, तेही चालत नाही."

"मग ती म्हणते तरी काय?"

देस समजावून सांगायला लागला. दार, खुर्ची, जर्मनीतला माणूस. मध्येच त्याचं त्यालाच कळेना. माणूस देतो म्हणतो, घेणारा घ्यायला बसलाय, वस्तू दोघांच्या मध्ये उघडी पडलीय, मग अडलंय कुठं? ग्लेनिस असती तर तिला विचारता आलं असतं. "थांब हां," तो फोनमध्ये म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून सांगतो." पण फोन तोवर तुटला होता.

टॅमसिननं त्या दोन ओळी स्वतः तयार करून रॉल्फला पाठवल्या आहेत. त्यानं त्या फक्त जागेवर चिकटवायच्या आहेत. त्यानं त्या अजून पाहिलेल्या नाहीत. यॉर्ननं कामाला हात घातलेला नाही. पांघरूण अर्धंच झालंय, उरलेलं विणायचं आहे.