नाताळची भज्जी

नाताळ तोंडावर आला की दवाखान्यातली ड्युटी सांभाळून घरचं सगळं करताना सलोमीचा पिट्टा पडायचा. यंदा तिनं ठरवलंच, जीव काढायचा नाही. करंज्या बचत गटाकडून आणल्या, दारात गेल्या वर्षीचीच चांदणी टांगली, आणि पडदे धुण्याऐवजी नुसते उलटे करून लावले.

राहिलं ते कॅरोलवाल्यांचं जेवण. नाताळच्या आदल्या संध्याकाळी लातूरभर गात फिरून ही मंडळी शेवटी तिच्याकडे टेकायची, आणि बिर्याणीशिवाय उठायची नाहीत.

तेवढ्यात शेजारच्या चांगुणाकाकू दारात आल्या. कालच येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, झाली होती. या सणाला शेतात येईल त्याला जेवू घालायचं, म्हणून काकूंनी भरमसाट रांधलं होतं. "सलोमे, भज्जी लई उरली गं, उंडे बी हायेत. घेती का?"

सलोमीनं पातेलंच ठेवून घेतलं. ओल्या तुरी, वाटाणे, हरभरे आणि पालेभाज्या बेसनात शिजवलेली ती भज्जी संध्याकाळी मंडळींनी बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांसोबत बोटं चाटत संपवली. घरोघरी केक खाऊन तोंडं गोडमिट्ट झालेली. "सिस्टर, आता दर नाताळला हेच पाहिजे!"

"हाव, या की!" सलोमी ऐटीत म्हणाली.

मंडळी गेल्यावर काकू रिकामं पातेलं न्यायला आल्या. "पुढच्या साली येळवस नाताळ सरल्यावर, जानेवारीत हाय, बरं का."

सलोमीचं हसू तिथंच थांबलं. "मग भज्जी?"

"तू करशील की! पहाटं शेंगा सोलाया बसलीस, तर सांजंपतूर होती."