कपाळावरची पावडर

आमच्या चांद्याच्या मिशन बोर्डिंगात १९५४ साली सत्तावीस मुली होत्या आणि कपाळावर गोंदण फक्त माझ्याच होतं. भुवयांच्या मधे तीन ठिपके, खाली आडवी रेघ. मी सात वर्षांची असताना माझ्या आईनं, भागीरथानं, मूल गावच्या बाजारात ते गोंदवून घेतलं. पुढे आईबाबा ख्रिस्ती झाले. त्या दिवशी मी गोवरानं पडले होते, म्हणून माझा बाप्तिस्मा राहून गेला.

मेट्रन तबिथाबाईंना ते गोंदण खुपायचं. बाई भर मे महिन्यात, चांद्याच्या उन्हात, मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायच्या. का, ते आम्हाला ठाऊक होतं. न्हाणीत त्यांच्या दंडावर गोंदलेले विंचू सगळ्यांनी पाहिले होते. त्यांची भाची मार्था माझ्या वर्गात होती. तिला बायबलची वचनं धडाधड पाठ होती; त्यांचा अर्थ काय, याचा तिला कधी त्रास झाला नाही.

"सोमारी, कपाळावर माशी बसली बघ," ती म्हणायची. तिच्या मैत्रिणी दात काढायच्या. आणि मला नेमक्या त्याच मैत्रिणी हव्या होत्या. आज म्हातारपणी मला मार्थापेक्षा त्या चौदा वर्षांच्या सोमारीची जास्त किळस येते. त्यांच्या पंगतीत जागा मिळावी म्हणून मी विहिरीमागे जाऊन विटेच्या तुकड्यानं कपाळ घासलं. रक्त आलं, गोंदण तिथंच राहिलं.

ईस्टरला माझा बाप्तिस्मा ठरला. तबिथाबाईंनी आपल्या पेटीतला पावडरचा डबा माझ्या हातात दिला.

"प्रभूसमोर ही जंगली खूण घेऊन उभी राहणार? त्याला काय वाटेल?"

मलाही तेच वाटत होतं. त्याला मी अशी चालणार नाही, हे मी धरूनच चालले होते. मार्था म्हणाली, "कपाळ साफ दिसलं तर संध्याकाळी आमच्यात बस."

आई गावाहून गाडीबैलानं आली. पुढचे बाक शहरातल्या जुन्या घराण्यांचे, म्हणून तिला शेवटच्या बाकावर बसवलं. मला पाहून तिनं तोंडावर हात ठेवला.

"काऊन वं, कपाळाले पीठ थापलं का?"

"पावडर आहे. हळू बोल ना."

"मले वाटलं, बिमार हायेस."

मी तिच्यापासून लांब जाऊन उभी राहिले.

इतक्या त्या धार्मिक बायका, पण बाप्तिस्म्याला डोक्यावर पाणी ओततात हे एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. पाद्रीसाहेबांनी तीन ओंजळी पाणी ओतलं आणि पावडर नाकावरून पोलक्यावर ओघळली. आधी मार्था फिसकली, मग तिचा सगळा बाक. पाद्रीसाहेबांनी क्रुसाची खूण करायला माझ्या कपाळावर अंगठा टेकवला. तो पांढऱ्या चिखलानं भरला.

"हे काय, बेटा?"

"पावडर."

"कशाला?"

"खाली गोंदण आहे. प्रभूला दिसू नये म्हणून."

तबिथाबाई खोकल्या. पाद्रीसाहेबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गोंदताना दुखलं होतं?"

"हो. आईनं धरून ठेवलं होतं."

त्यांनी अंगठा झग्याला पुसला. "मेलेल्यांतून उठल्यावरही प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. त्यानं त्या लपवल्या नाहीत, आपल्या माणसांना दाखवल्या. तुझं तू ठरव. मी थांबतो."

ते खरंच थांबले. मी पदराचं टोक ओलं केलं आणि कपाळ खसाखसा पुसलं, पार शेवटच्या रेघेपर्यंत. मग त्यांनी बरोबर त्या ठिपक्यांवर क्रूस काढला.

पुढे बोर्डिंगच्या बाकावर माझ्यासाठी जागा ठेवली होती. तिथून तबिथाबाई डोळ्यांनी खुणावत होत्या, की निदान पदर तरी पुढे ओढ. मार्थाच्या शेजारणी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मी त्या सगळ्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. कांजी केलेले पदर, चोपून बसवलेले केस, उसना शहाणपणा. यांना आवडावं म्हणून मी स्वतःची कातडी सोलली होती. देवाला यांच्यासारखी आवड असेल, असं मला वाटलं तरी कसं?

मी सरळ शेवटच्या बाकाशी गेले. आई सरकली.

"बस," ती म्हणाली. "आता माही पोरगी दिसून राह्यलीस."