मोकळी मशीन

मेहुण्याच्या जबानीखाली अंगठा बघितला आणि फिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉलेज शिकलेला, मोत्यासारख्या अक्षराचा माणूस, आणि त्याच्या नावाखाली काळा अंगठा. पण उजव्या हाताची चारही बोटं प्रेसखाली गेल्यावर सही करणार कशाने? "दाजी, अंगठा तेवढा शिल्लक ठेवलाय मशीनने," मेहुणा दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाला होता, "कागदपत्रांची सोय बघून." आणि वर हसलाही होता. फिटरची बायको, म्हणजे मेहुण्याची थोरली बहीण, तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली होती.

अंगठ्याचं एक वेळ राहू दे. खरी आग वर होती. मेहुण्याने सरळ सांगितलं होतं, मशीन मोकळी होती. ऑफिसने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली आपला निष्कर्ष चिकटवला: मशीनवर काम नव्हतं, ती रिकामी असताना कामगाराने विनाकारण आत हात घातला, सबब हा कामावरचा अपघात नव्हे. म्हणजे हातही गेला, नोकरीही गेली आणि वर शहाणपणाचा दाखलाही गेला.

आता हे ऑफिसातल्या कारकुनाला कळलं नसेल, असं मानायला फिटर तयार होता. कारकून कधी शॉपमध्ये, म्हणजे मशीनांच्या शेडमध्ये, उतरलेलाच नव्हता. पण खाली सही मॅनेजरची होती, आणि 'मोकळी' हा शब्दच मुळी मॅनेजरचा होता!

हा कारखाना कपाटांच्या बिजागऱ्या बनवायचा. प्रेसच्या तोंडाशी जाळी, आणि दोन बाजूंना दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार. हात बटणांवर, म्हणजे ठोकळ्याखाली नाहीत, इतका साधा हिशेब. पण त्यात वेळ जायचा. दहा वर्षांपूर्वी, हेच मॅनेजर सुपरवायझर असताना, त्यांनी फिटरच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं होतं, "अरे, मशीनला कशाला असं बांधून ठेवता? जरा मोकळी करा की." मोकळी करा म्हणजे जाळी काढा, आणि एका बटणाच्या वायरी आतून जोडून टाका. मग एका हाताने पत्रा सरकवा, दुसऱ्याने बटण दाबा. तासाला चारशेच्या सहाशे बिजागऱ्या पडू लागल्या. सुपरवायझरचे मॅनेजर झाले. त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत राहिली, कारण ऑफिसात मोकळ्या मशीन नसतात. शॉपमध्ये मात्र शब्द रुळला. "चार नंबर मोकळी आहे, जपून," असं लोक एकमेकांना सांगायचे.

मेहुण्याची सात नंबरही फिटरनेच मोकळी केली होती. अपघाताच्या तीन दिवस आधी, मॅनेजरांच्या सांगण्यावरून, शीळ घालत.

दुपारी दवाखान्याच्या जिन्यात बायकोने विचारलं, "मोकळी म्हणजे काय हो? तो सारखा तेच म्हणतोय." फिटरने सगळं सांगितलं, वायरीसकट. त्याला वाटलं, ही आता रडेल, नाहीतर आपल्याला चार शिव्या हासडेल. तिने जिन्याच्या कठड्यावरचा, त्याच्या हाताशेजारचा आपला हात फक्त काढून घेतला.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. मग घरी या."

दुसऱ्या दिवशी अकराला कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी बाई येणार होत्या. सकाळीच मॅनेजरांनी फिटरला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. दहा वर्षांतला हा पहिला चहा. सात नंबरला जाळी बसव, वायरी जागेवर लाव, आणि बाईंसमोर जाणकार म्हणून या कागदावर सही कर, असं त्यांनी पोटात शिरून समजावलं. मेहुण्याला नंतर बघू म्हणाले. नाहीतर वायरी कोणी जोडल्या, हेही निघेल, तुझंच नुकसान, हेही हळूच म्हणाले. फिटरने मान डोलावली, चहा संपवला आणि जाळीला हात लावला नाही.

बाई आल्या. मशीनकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न जाळीचाच विचारला. मॅनेजर क्षणभर चपापले, मग दुरुस्तीसाठी काढलीय म्हणाले. त्यांनी फिटरकडे असा कटाक्ष टाकला की दुसरं कोणी असतं तर जागच्या जागी विरघळलं असतं. बाईंनी जबानी वाचली आणि विचारलं, मशीन मोकळी होती म्हणजे नक्की काय?

"रिकामी," मॅनेजर म्हणाले. "मशीनवर काम नव्हतं, मॅडम. इकडे असंच म्हणतात."

आजूबाजूला वीसेक माणसं उभी होती. सगळ्यांना अर्थ ठाऊक होता, आणि सगळी बुटांकडे बघत होती. फिटरला त्यांचाही राग आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. त्याने पुढे होऊन प्रेसची मोटर चालू केली. चाक घरघरायला लागलं. त्याने बाईंना हाताने मागे राहायची खूण केली आणि तो एकमेव चालू बटणापाशी उभा राहिला, हात मागे बांधून.

"साहेब, आत्ता मशीनवर काम नाहीये," तो म्हणाला. "रिकामीच आहे. घाला हात."

मॅनेजर हसायला गेले, पण हसू ओठांवरच अडलं. वीस माणसांनी आता माना वर केल्या होत्या. मॅनेजरांनी एक पाऊल मागे घेतलं आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

बाईंनी ते नीट बघितलं, आणि जाळी नसलेल्या तोंडाकडे व फिटरपाशच्या एकट्या बटणाकडेही. मग कागदावरच्या 'रिकामी' या शब्दावर आडवी रेघ मारली.

"मोकळी कोणी केली?" त्यांनी विचारलं. आता त्या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

फिटरने मोटर बंद केली. चाक थांबायला वेळ लागला.

"हुकूम यांचा," तो म्हणाला. "हात माझे. तसंच लिहा."