शेजारची पाटी

दादाला चौदाव्या वर्षी तापातून ऐकू येईनासं झालं. बोलणं शाबूत राहिलं, फक्त आवाज किती चढवायचा याचा अंदाज गेला, त्यामुळे गुपितसुद्धा तो सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगायचा. समोरच्याच्या ओठांवरून त्याला बरंच कळायचं. पण वर्गात शिकवणारे फळ्याकडे तोंड करून बोलतात, आणि पाठीला ओठ नसतात.

म्हणून विद्यापीठात त्याच्या शेजारी मी बसायचे. तो भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, मी गणिताच्या पहिल्या. मी लिहायचे, तो माझ्या वहीत बघायचा. त्याच्या तासाला मी हजर म्हणजे माझ्या तासाला गैरहजर. वर्षअखेर मी दोन विषयांत आडवी झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादाने जेवताना जाहीर केलं, "मी शिक्षण सोडतोय. मन लागत नाही."

बाबा हातातला घास तसाच ठेवून उठले. पुढे कित्येक वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "डोकं होतं हो, पण चिकाटीच्या नावाने शंख." दादा समोरच बसलेला असायचा, त्यांचे ओठ दिसतील असा. त्याने एकदाही तोंड उघडलं नाही. चष्म्याच्या एका दुकानात काचा घासायचं काम धरलं, लग्न केलं, दोन मुली झाल्या. बाबा गेले तेव्हाही त्यांच्या मनातली अढी सुटली नव्हती.

मी मात्र शिकले, आणि फिरून त्याच विद्यापीठात नोकरीला लागले. तीन वर्षांपूर्वी आमच्या विभागात पेनाने लिहायच्या टॅबलेटचं काम सुरू झालं. आम्ही त्याला पाटीच म्हणायचो. एक विद्यार्थी एका पाटीवर लिहील आणि ते त्याच्या हस्ताक्षरात दुसऱ्या विद्यार्थ्याच्या पाटीवर उमटेल, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी. प्रोग्रॅम लिहायला एक सहकारी होता. तो प्रत्येकाला समजावत बसायचा म्हणून त्याचं नाव मास्तर पडलं होतं. वापरून बघायला माणूस हवा होता. मी दादाला विचारलं.

"माझं वय बघ, चिंगे," तो म्हणाला. "पोरं मला शिपाई समजतील."

पण पहिल्या दिवशी तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून तासाच्या वीस मिनिटं आधीच हजर होता. आठवड्यातून तीन दुपारी दुकानातून सुट्टी घेऊन यायचा. विषय होता प्रकाशशास्त्र. पुढच्या बाकावरची एक मुलगी लिहायची आणि मागे दादाच्या पाटीवर अक्षरं यायची, पण रेंगाळत. तिची ओळ पूर्ण झाल्याशिवाय आमची यंत्रणा ती पुढे पाठवायचीच नाही.

"सगळ्यांचं हसून होतं, तेव्हा मला कळतं की हसायचं होतं," दादाने पहिल्याच आठवड्यात सुनावलं. "आणि त्या मुलीला सांग, नुसती सूत्रं नको. वर्ग का हसला, तेही लिही. तू लिहायचीस ना, 'सरांचा खडू तुटला' म्हणून?"

मास्तरने पंधरा दिवस डोकं फोडून सगळं बदललं. आता पेन टेकलं की रेघ तिकडे दिसायला लागली, अर्धं अक्षरसुद्धा. खोडलं तर तेही दिसायचं.

चौथ्या आठवड्यात दादाने उलट दिशेने लिहिलं. पुढच्या मुलीच्या पाटीवर त्याचा प्रश्न उमटला आणि तिने उभं राहून तो वाचला, "सर, दुसऱ्या ओळीत ऋण चिन्ह राहिलं का?" सर फळ्याकडे वळले, डोकं खाजवलं आणि चिन्ह घातलं. मग वर्गाकडे तोंड करून, सावकाश, दादाला दिसेल असं म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." दादा कानापर्यंत लाल झाला. त्या दिवशी बसस्टॉपपर्यंत तो भिंगांबद्दल इतक्या मोठ्याने बोलत होता की माणसं वळून बघत होती.

सत्र संपलं तेव्हा चाचणीचा फॉर्म भरून घ्यायचा होता. रिकाम्या वर्गात दादा त्याच्या बाकावर बसून पाटीवरच लिहीत होता. मी पुढे पेनं गोळा करत होते. दोन्ही पाट्यांची जोडणी तोडायची राहून गेली होती. पुढच्या बाकावरच्या पाटीवर रेघा हलताना दिसल्या म्हणून मी सहज वाकून पाहिलं.

'पूर्वीचं शिक्षण अर्धवट सोडलं असल्यास कारण.' त्याखाली दादाचं अक्षर उमटत होतं: 'बहीण माझ्यामुळे नापास झाली.'

पेन थांबलं. मग शेवटून एकेक शब्द पुसला गेला, आणि त्या जागी आलं: 'घरगुती अडचण.'

मी त्याच्या समोर जाऊन बसले. माझा चेहरा बघूनच त्याने ओळखलं.

"दिसलं का तिकडे?"

"बाबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर त्यांनी तुला पुन्हा माझ्या शेजारी बसवलं असतं. तूही बसली असतीस."

"ते मरेपर्यंत तुला बोलत राहिले, दादा."

"मी मान वळवायचो," तो म्हणाला. "मला तेवढं सोपं होतं."

मला रडू आवरेना. पण एक गोष्ट सांगायची राहिली होती आणि आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. "तू सोडतो म्हणालास ना, त्या दिवशी मला आनंद झाला होता," मी म्हणाले. "सुटले, असं वाटलं. तुला कारणसुद्धा विचारलं नाही."

"माहीत आहे," दादा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज अगदी हळू आला. "तुझ्या चेहऱ्यावर दिसलं होतं. बरंच वाटलं होतं मला."

नंतर मी त्याच्यासाठी प्रवेशाचा अर्ज आणला. त्याने तो नीट वाचला आणि घडी घालून मला परत दिला. "तीन दुपारी ठीक होतं. आता मोठीचं कॉलेज सुरू होईल, तिच्याकडे बघू दे," म्हणाला. मी दोनदा विषय काढला, मग सोडून दिला. पाट्या अकरा वर्गांत गेल्या. विभागात माझं कौतुक झालं, भाषणं झाली. मी हार घालून घेतला आणि घरी आले.

त्या रविवारी मी आईला सगळं सांगितलं. तिने निवडायचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे त्यांना कळायला हवं होतं गं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला घेऊन दुकानात गेली. दादा आतून ओल्या हातांनी धावत आला. "काय झालं आई? बरं नाही का?"

"काही नाही रे. चष्मा सैल झालाय."

त्याने तिचा चष्मा काढला, दोन्ही काड्यांचे स्क्रू आवळले, काचा पुसल्या आणि तो परत तिच्या नाकावर बसवला. "आता?"

आईने त्याचा ओला हात धरून ठेवला. काही बोलायला गेली आणि तिचे ओठ इतके थरथरायला लागले की दादाला त्यातलं काही वाचता येईना. तो माझ्याकडे बघत विचारत राहिला, "काय म्हणतेय ती? चिंगे, काय म्हणतेय?"