दोन्हीकडे तोंड असलेला रंगमंच

मित्रांनो, जव्हारच्या बाजारात पत्र्याचं उंच कुंपण घातलेली एक जागा आहे. कुंपणाला टेकून भाजीवाल्या बसतात, म्हणून आत काय आहे ते कुणी बघत नाही. आत मी आहे, रंगभवनाचा जुना रंगमंच. उद्या मला मोडणार आहेत. घाबरू नका, मी रडगाणं गाणार नाही. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो ना, तसा मी बारा वर्षं बधिर होतो. चिमटा काढला तरी कळत नव्हतं.

माझ्या अंगात सागाच्या फळ्या आहेत. दाभोशाकडच्या रानातले ओंडके बैलगाडीने आले होते. ज्याने मला बांधलं तो सुतार भलताच डोकेबाज. माझ्या पुढे खुर्च्यांचं सभागृह, आणि मागे त्याने एक मोठं दार ठेवलं. ते उघडलं की मैदान, आणि मैदानाभोवती मातीच्या पायऱ्या. पुढे तिकीट काढून बसायचे ते गावातले लोक. मागे मातीत बसायचे ते मोखाड्याचे, पोशेऱ्याचे, पाड्यापाड्यांवरचे लोक. पुढे नाटक, मागे कुस्ती आणि तारप्याचा नाच. दोन्हीकडे तोंड असलेला रंगमंच पंचक्रोशीत दुसरा नाही, असं म्हणायचे. मीही फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू! नाटकवाले माझ्यावर जपून पावलं टाकत. मागून येणारे मात्र दणादण नाचत. मला तेच जास्त आवडायचं.

मग सुधारणा आली. आवाज घुमू नये म्हणून मागचं दार विटांनी बुजवलं. मैदानात जीपगाड्या उभ्या राहू लागल्या. पुढे नाटकंही येईनाशी झाली, छत गळू लागलं, आणि बारा वर्षांपूर्वी पुढच्या दारालाही कुलूप लागलं. सुरुवातीला वाईट वाटलं. नंतर तेही वाटेना.

माझ्याजवळ उरला पहारेकरी जैतू. तो पोशेऱ्याचा. तिथलं घर जळालं तेव्हा तो बायकोला, जानीला घेऊन नटांच्या खोलीत राहायला आला. सामान म्हणाल तर चार भांडी आणि एक भीम. भीम म्हणजे बोहाड्यातलं सोंग, लाकडाचा भलामोठा मुखवटा. बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे चढवून माणसं नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. जळत्या घरातून जैतूने एवढंच बाहेर काढलं होतं. तो मुखवटा त्याने माझ्यावरच्या माळ्यावर बसवला.

त्याच्या घराचा एक नियम होता. बसलेलं सोंग संबळ वाजल्याशिवाय उचलायचं नाही. आग लागली तेव्हाही शेजारचा लक्ष्या अंगणात उभा राहून संबळ वाजवत होता, तेव्हा कुठे जैतू आत शिरला. न वाजवता उचललं तर भीम निघून जातो आणि हातात नुसतं लाकूड येतं, असं त्याचा बाप सांगून गेला होता. दर चैत्रात लक्ष्या यायचा, बाहेर ओट्यावर वाजवायचा, आणि जैतू भीमाला गावी नेऊन नाचवून आणायचा. माझ्या फळ्यांपर्यंत त्यातलं काही पोचत नसे.

यंदा माघातच पाडकामाची माणसं आली. त्यांचा मुकादम गोरख. माणूस वाईट नाही. त्याने सामान हलवायला जैतूला दोन दिवस दिले. भांडी हलली. भीम कसा हलवायचा? लक्ष्या भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेला. फोनवर म्हणाला, भट्टी पेटलीय, विझेपर्यंत जागा सोडता येत नाही. बाकीचे वाजवणारेही कामाला बाहेर. चैत्रापर्यंत थांबा म्हणून जैतूने गोरखच्या नाकदुऱ्या काढल्या. गोरख म्हणाला, तारीख वरून आलीय, माझ्या हातात काय आहे?

मग गोरखलाच एक युक्ती सुचली. त्याने मोबाईलवर संबळ लावला. जैतू हात जोडून उभा राहिला. आता उचलणार, एवढ्यात मधेच जाहिरातीतली एक बाई स्वस्तात प्लॉट घ्या म्हणून सांगू लागली. जैतूने हात खाली घेतले.

"याला हात हायेत का?" तो म्हणाला. "वाजवणाऱ्याला हात लागतात."

तो माळ्याखाली बसून राहिला. गोरख त्याला समजावून दमला. मजुरांनी तोवर मागच्या दारातल्या विटा काढल्या. वीस-बावीस वर्षांनी मैदानाचा उजेड माझ्यावर पडला. मला काही वाटलं नाही.

"मोडा तुम्ही," जैतू अखेर म्हणाला. "भीम हितंच ऱ्हाईल. त्याला लाकूड करून नाय नेणार मी."

जानी कोपऱ्यात नागलीच्या भाकरी थापत होती. ती उठली. हात पिठाचे तसेच. चुलीजवळच्या दोन काटक्या घेतल्या, माझ्या मधोमध बसली आणि फळ्यांवरच वाजवू लागली. मित्रांनो, माझ्या फळ्यांखाली पोकळी आहे. सुतारानेच ठेवली होती, नाचणाऱ्याचं पाऊल गाजावं म्हणून. तिचे पहिले ठोके चुकले. मग चाल सापडली. तीच, लक्ष्याची.

जैतू बघतच राहिला. बायकांनी संबळ वाजवल्याचं त्याच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"ही चाल तुला कशी येते?"

"चाळीस वरसा ऐकते," जानी म्हणाली. ती थांबली नाही. "हात भाकरीत होते, कान नव्हते. उचल आता."

 जैतू शिडी चढला. भीम डोक्यावर घेऊन उतरला आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी पाच पावलं माझ्यावर नाचला. तेव्हा मला दुखलं. खरंच सांगतो, पाचही पावलं दुखली, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू! मुंग्या उतरताना पाय दुखतो, तेव्हाच तो आपला आहे हे कळतं.

तो मागच्या दारानेच मैदानात उतरला. जीपवाल्यांनी गाड्या बाजूला घेतल्या.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या गावात एखादी जागा कुलूप लावून ठेवली असेल, तर तिला नुसता रंग देऊ नका. तिच्यावर चाला, नाचा, आपटा. जागा वापरून झिजते ते बरं. न वापरता ती आतून मरते, आणि मोडायला येईपर्यंत कुणाला कळतही नाही.

उद्या माझ्या फळ्या निघतील. मधल्या दोन जानीने गोरखकडून मागून घेतल्या आहेत. चैत्रात लक्ष्या संबळ घेऊन येईल, येऊ दे म्हणाली. पोशेऱ्यात भीम उठेल तो आधी या फळ्यांवरच्या तिच्या ठोक्यांवर.