कालवणातले मरळ

सोमवार, ९ मे २००५. सकाळी सव्वासहाला गिताबाईनं शेजारच्या कस्तुराबाईच्या चुलीपुढल्या पाटीवरचं फडकं उचललं. आत दोन मरळ पडले होते. तिनं ताणकाटा काढला तशी कस्तुराबाईनं पाटी मागं ओढली.

"कालवणाचा मासा तोलत्यात व्हय गं? घरातली बरकत जाती!"

"मावशी, साहेबाच्या लेखी आपल्या डोहात मरळच न्हाई."

मांडवगण फराटा गावाखाली भीमेकाठी भोयांची अकरा घरं. जाळ्यातल्या माशांचा हिशेब दोन वर्षं गिताबाई ठेवत होती. विणीच्या दिवसांत डोह सगळ्या जाळ्यांना बंद व्हावा, एवढीच वस्तीची मागणी. आधीच्या शुक्रवारी दौंडच्या मत्स्य खात्याच्या कचेरीत साहेबांनी वही चाळली. चिलापी होता, वांब होती, पण ज्याच्या विणीसाठी बंदी मागितली तो मरळ एकही नाही. "मग कोणाच्या विणीसाठी बंद करू?" त्यांनी विचारलं. गिताबाईला जागेवरच चूक कळली. ती वाटे पडताना लिहायची, आणि वाटे पडण्याआधी घरच्या कालवणाचा मासा बाजूला निघायचा. बाळंतिणीला, आजाऱ्याला मरळच लागतो. तो कधीच मोजला गेला नव्हता.

पाटी तशीच सोडून ती वस्तीतल्या वडीलधाऱ्या म्हस्कूआबांकडे गेली. आबा जाळं विणत बसले होते.

"माझ्या बापानं कवा कालवण तोललं न्हाई," ते म्हणाले.

"तुमच्या बापाकडं कुणी कागद मागितला नव्हता, आबा."

आबांनी दोन गाठी मारल्या. "खायच्या आदी मोजायचं न्हाई. खाल्ल्यावर काय जायचंय बरकतीचं? मुंडकी मोज की."

त्या दुपारपासून गिताबाई दारोदार फिरली. जेवणं उरकली की ताटातलं मुंडकं मागायची, धुवून वाळवायची, घर आणि तारीख लिहून पुडी बांधायची. बाया हसायच्या. "गिताबाई आली, मांजरं पळाली!" पण माशाच्या पोटात अंड्यांची गाभोळी होती का, हे त्याच बाया आपणहून सांगायच्या. ती तेही लिहायची. एका घरानं मुंडकं कुत्र्याला टाकलं होतं. ते तिनं मोजणीत धरलं नाही.

३१ मेला तिनं साहेबांच्या टेबलावर वही आणि पोतं ठेवलं. मरळाची त्रेसष्ट मुंडकी, त्यातली एकोणीस गाभोळीच्या माशांची. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"हे कुठल्या रकान्यात लिहू?"

"रकाना नसंल तर आखा. पट्टी माझ्याकडं हाय."

साहेब हसले नाहीत. त्यांनी एक मुंडकं उलटंपालटं करून पाहिलं, टिपण लिहिलं आणि कागद पुण्याला धाडला. पोतं मात्र परत दिलं.

१४ जूनपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं. त्या सकाळी डोहावर बाहेरच्या दोन होड्या उतरल्या. आबांनी हटकलं तेव्हा होडीवाले म्हणाले, "बंदीचा कागद दावा." तो आणायला गिताबाई नऊच्या गाडीनं दौंडला निघाली. दुपारी दोनपर्यंत ती परतली नव्हती आणि होड्या डोहातच होत्या.